उत्पन्न केव्हा झाले म्हणावे?

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी कोकणातून या बेटावर येताना आपल्या बोलीबरोबर आणली. तुरी अजून बाजारातच आहेत, घरात आलेल्या नाहीत. परंतु वरण पातळ करायचे की दाट, यावरून घरात भांडण जुंपले आहे. जे अजून आपले झालेले नाही ते आपले धरून चालणे हा माणसाचा फार जुना स्वभाव आहे. हा स्वभाव एखाद्या मोठ्या कंपनीच्या जमाखर्चात शिरला, की भांडण नवराबायकोपुरते राहात नाही. हजारो कुटुंबांची पुंजी त्यात ओढली जाते. विक्रीचे उत्पन्न नेमके कोणत्या दिवशी आणि किती जमेस धरावे, हा प्रश्न अमेरिकेत गेली पंचवीस-तीस वर्षे गाजतो आहे तो याचमुळे. त्यावर तेथील हिशेबतपासनीस काय म्हणतात आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

विषय वरवर रुक्ष आहे, हे आम्ही जाणतो. पण आपली घरे आता केवळ उसाच्या मळ्यावर उभी नाहीत. आपली मुले-मुली बँकांत, विमा कंपन्यांत, हिशेबतपासणीच्या कचेऱ्यांत काम करतात. पुष्कळजण ए.सी.सी.ए.च्या परीक्षांना बसतात. वडीलधाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा पैसा कंपन्यांच्या भागांत गुंतलेला असतो. एखाद्या कंपनीने ‘यंदा आमचे उत्पन्न इतके वाढले’ असे छापले, म्हणजे त्या वाक्याचा खरा अर्थ काय, हे समजणे आता आपल्या घरच्या संसाराचा भाग झाले आहे.

प्रथम प्रश्न नीट समजून घेऊ. उसाचेच उदाहरण घ्या. आपल्यापैकी ज्यांच्याकडे दोन-चार आर्पां ऊस आहे किंवा होता, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ऊस तोडून कारखान्याच्या काट्यावर गेला, त्याची साखर झाली, ती १९१९ साली स्थापन झालेल्या साखर सिंडिकेटमार्फत परदेशी विकली गेली. शेतकऱ्याला आधी आगाऊ हप्ते मिळतात आणि सगळी विक्री झाल्यावर अखेरचा भाव ठरतो. मग शेतकऱ्याचे उत्पन्न झाले केव्हा? ऊस काट्यावर चढला तेव्हा, पहिला हप्ता हाती आला तेव्हा, साखर जहाजात चढली तेव्हा, की अखेरचा भाव जाहीर झाला तेव्हा? घरच्या वहीत आपण ‘आला पैसा, लिहिली जमा’ असे करून मोकळे होतो. कंपनीला तसे करता येत नाही. तिला प्रत्येक वर्षाचा नफा-तोटा वेगळा दाखवावा लागतो, आणि माल देण्याचा दिवस, बिलाचा दिवस आणि पैसा मिळण्याचा दिवस हे तीन दिवस क्वचितच एक असतात. या तिहींतला कोणता दिवस खरा धरायचा, यावर एका वर्षाचा नफा दुसऱ्या वर्षात जातो किंवा दुसऱ्याचा पहिल्यात येतो.

अमेरिकेत पूर्वी याला एक नियम नव्हता. घरबांधणीवाल्यांना एक, टेलिफोनवाल्यांना दुसरा, संगणकाच्या प्रणाली विकणाऱ्यांना तिसरा, अशा धंद्याधंद्यांच्या वेगळ्या चाली होत्या. नियम जितके अधिक तितक्या पळवाटाही अधिक. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या रोखेबाजार आयोगाचे त्या वेळचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात एक भाषण केले, ते पुढे फार गाजले. कंपन्या आकड्यांशी कसा खेळ खेळतात, याचे पाच प्रकार त्यांनी सांगितले. वेळेआधी उत्पन्न जमेस धरणे हा त्यांपैकी एक होता. उंची मद्याची बाटली मुरण्यापूर्वी कोणी उघडत नाही, असा दाखला त्यांनी दिला. आपण म्हणू, अढीतला आंबा पिकण्याआधी कोणी कापत नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९९ मध्ये, आयोगाने चार कसोट्या सांगणारे पत्रक काढले: करार झाल्याचा पुरावा हवा, माल किंवा सेवा दिलेली हवी, किंमत ठरलेली किंवा ठरवता येण्याजोगी हवी, आणि पैसे वसूल होण्याची वाजवी खात्री हवी.

या चार कसोट्या निघून दोन वर्षे होतात न होतात तोच एन्रॉन बुडाली. एन्रॉन हे नाव आपल्याला परके नाही. आपल्या पुष्कळांचे मूळ ज्या रत्नागिरी जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात या कंपनीने वीज प्रकल्प उभारला होता. नाव दाभोळचे, पण प्रकल्प वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूस. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर डिसेंबर १९९३ मध्ये करार झाला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. एन्रॉनचा त्यातला हिस्सा आपल्याच मॉरिशसमध्ये नोंदलेल्या कंपनीमार्फत धरलेला होता. वीज महाग पडली. २००० सालाच्या अखेरीस मंडळाकडून बिले थकू लागली, आणि मे २००१ मध्ये मंडळाने करार मोडीत काढल्यावर प्रकल्प बंद पडला. बिल पाठवले म्हणजे पैसा आला असे होत नाही, हा धडा आपल्या पूर्वजांच्या गावाशेजारीच गिरवला गेला. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे.

मात्र एन्रॉन बुडाली ती दाभोळच्या थकबाकीमुळे नव्हे. ह्यूस्टन शहरातली ही कंपनी १९९९ साली ४०.१ अब्ज डॉलरांचे उत्पन्न दाखवीत होती, आणि २००० साली एकदम १००.८ अब्ज. एका वर्षात अडीच पट! फॉर्च्यून मासिकाच्या यादीत ती अमेरिकेतली सातव्या क्रमांकाची कंपनी झाली. एवढे उत्पन्न आले कोठून? एन्रॉन गॅस आणि विजेच्या सौद्यांत मध्यस्थासारखी उभी राही, आणि केवळ आपल्या मिळकतीऐवजी सौद्याची सगळी किंमत उत्पन्न म्हणून लिही. भाजीबाजारातल्या अडत्याने दुसऱ्याच्या मालाची पूर्ण किंमत आपली विक्री म्हणून सांगावी, त्यातलाच हा प्रकार. त्या शंभर अब्जांत नफा उरला तो ९८ कोटी डॉलरांच्या आसपास, म्हणजे शंभराला एकाहूनही कमी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

दुसरी युक्ती याहून धाडसाची होती. लांब मुदतीच्या कराराचा पुढील सगळ्या वर्षांचा अंदाजी नफा आजच जमेस धरायचा. जुलै २००० मध्ये ब्लॉकबस्टर या चित्रफिती भाड्याने देणाऱ्या कंपनीशी एन्रॉनने वीस वर्षांचा करार केला. तारांवरून घरोघरी सिनेमे पोचवण्याची ही योजना होती. ती कधी नीट सुरूच झाली नाही, आणि मार्च २००१ मध्ये करार मोडला. तोवर एन्रॉनने त्यावर ११ कोटी डॉलरांहून अधिक नफा वहीत लिहून टाकला होता.

ऑगस्ट २००० मध्ये नव्वद डॉलरांवर गेलेला एन्रॉनचा भाग नोव्हेंबर २००१ च्या अखेरीस एका डॉलरच्याही खाली आला. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळे जाहीर केले. तिच्या नोकरांनी निवृत्तीसाठी ठेवलेली बचत मोठ्या प्रमाणात तिच्याच भागांत होती. हजारो घरांची नोकरी आणि म्हातारपणची पुंजी एकदमच गेली.

आणि हिशेबतपासनीस? आर्थर अँडरसन ही जगातल्या पाच बड्या पेढ्यांपैकी एक. २००० साली तिला एन्रॉनकडून तपासणीचे अडीच कोटी डॉलर आणि सल्ला वगैरे इतर कामांचे २ कोटी ७० लाख डॉलर मिळाले होते. ज्याच्या वह्या तपासायच्या त्याच्याच घरी तपासणीपेक्षा मोठे जेवण! कागदपत्रे नष्ट करून चौकशीत अडथळा आणल्याबद्दल जून २००२ मध्ये पेढी दोषी ठरली. मे २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला. परंतु तोवर सुमारे ८५ हजार माणसांची ती पेढी मोडून गेली होती. तपासनिसाची पत ही फुटक्या मडक्यासारखी आहे. न्यायालयाने निर्दोष म्हटले तरी ती सांधली जात नाही.

या धक्क्यातून दोन गोष्टी झाल्या. पहिली, जुलै २००२ चा सार्बेन्स-ऑक्सली कायदा. त्याने हिशेबतपासनिसांवर देखरेख करणारे स्वतंत्र मंडळ नेमले आणि तपासणी करता करता त्याच कंपनीला इतर कित्येक सेवा विकण्यास बंदी केली. दुसरी गोष्ट सावकाश झाली. अमेरिकेचे हिशेबमानक मंडळ आणि लंडनचे आंतरराष्ट्रीय मंडळ यांनी २००२ साली एकत्र बसून सर्व धंद्यांना लागू पडेल असा एकच नियम करायला घेतला. बारा वर्षे चर्चा झाली. २८ मे २०१४ रोजी दोन्ही मंडळांनी जवळजवळ सारखेच नियम प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या बहुतेक सार्वजनिक कंपन्यांना तो २०१८ पासून लागू झाला. आंतरराष्ट्रीय नियमही १ जानेवारी २०१८ पासून आणि भारतातला त्याचाच अवतार १ एप्रिल २०१८ पासून अमलात आला. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार हिशेब ठेवणाऱ्या आपल्या बेटावरील कंपन्याही त्यात आल्या.

नियमाचा गाभा पाच पायऱ्यांत सांगता येतो. गिऱ्हाईकाशी खरा करार आहे काय, आणि पैसे मिळण्याचा संभव आहे काय, ते पाहा. करारात कोणकोणती वेगळी वचने दिली आहेत ती मोजा. एकूण मोबदला किती ते ठरवा. तो मोबदला प्रत्येक वचनावर त्याच्या वाजवी किमतीप्रमाणे वाटा. आणि जे वचन ज्या वेळी पुरे होईल त्याचे उत्पन्न त्या वेळी जमेस धरा. मोबदला अनिश्चित असेल, म्हणजे सूट, बक्षीस, परतीचा माल किंवा पुढे ठरायचा भाव असेल, तर जेवढी रक्कम मागाहून मोठ्या प्रमाणात उलटवावी लागणार नाही असे वाटते तेवढीच धरा. मध्यस्थाने आपली दलाली तेवढीच दाखवावी, सगळी विक्री नव्हे. माल गिऱ्हाईकाच्या हाती जाण्याआधी त्यावर खरोखर कोणाचा ताबा होता, हे त्यासाठी पाहावे. ही जुनी दुखणी केवळ एन्रॉनची नव्हती. शिकागोच्या ग्रुपॉन कंपनीने २०११ साली भाग बाजारात आणण्यापूर्वी २०१० चे उत्पन्न ७१.३४ कोटी डॉलर दाखवले होते. दुकानदारांना द्यायचा वाटा वजा करून ते पुन्हा मांडल्यावर ३१.२९ कोटी उरले. धंदा तोच, गिऱ्हाईके तीच, आकडा मात्र निम्म्याहून खाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशा नियमाने कंपनीची कामगिरी बदलते काय? याचे सर्वांत बोलके उत्तर मायक्रोसॉफ्टच्या वह्यांत आहे. या कंपनीने नवा नियम जुलै २०१७ पासून, म्हणजे सक्तीच्या आधीच, स्वीकारला आणि मागील वर्षांचे आकडेही नव्या रीतीने मांडून दाखवले. जून २०१७ ला संपलेल्या वर्षाचे उत्पन्न जुन्या रीतीने ८९.९५ अब्ज डॉलर होते. नव्या रीतीने ते ९६.५७ अब्ज झाले. निव्वळ नफा २१.२ अब्जांवरून २५.५ अब्जांवर गेला. त्याच वर्षी, त्याच मालावर, त्याच माणसांच्या श्रमावर नफ्यात चार अब्जांहून अधिक भर! कारण प्रामुख्याने विंडोज १० चे. या प्रणालीबरोबर पुढे फुकट सुधारणा मिळत राहणार, म्हणून जुन्या नियमात तिच्या परवान्याचे उत्पन्न यंत्राच्या आयुष्यभर थोडे थोडे धरावे लागे. नव्या नियमात त्याचा बहुतांश भाग विक्रीच्या वेळीच धरता आला. आणि रोकड? कंपनीनेच स्पष्ट लिहिले की रोख रकमेच्या आवकजावकीवर या बदलाचा काहीही परिणाम झाला नाही.

या एका उदाहरणात सगळे सार आहे. हिशेबाचा नियम कंपनीला श्रीमंत करीत नाही की गरीब करीत नाही. तिजोरीतला डॉलर तोच राहतो. तो कोणत्या वर्षाच्या पानावर लिहायचा एवढेच ठरते. पण म्हणून नियम बिनमहत्त्वाचा, असे म्हणता येत नाही. संचालकांचा बोनस, बँकेच्या कर्जाच्या अटी, भागाचा भाव आणि कधी कधी नोकरकपातीचे निर्णय हे पानावरच्या आकड्यावर ठरतात. आकडा सरकला की खरा पैसा एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात सरकू शकतो. मायक्रोसॉफ्टने जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी मांडले, म्हणून वाढ कशाची हे वाचणाऱ्याला कळले. जेथे असे मांडले जात नाही तेथे वाचणारा फसतो. हे खरे की बऱ्याच कंपन्यांच्या एकूण आकड्यात या नियमाने फारसा फरक पडला नाही. दुकानात माल दिला आणि पैसे घेतले, अशा धंद्याला पाच पायऱ्या चढल्या काय आणि न चढल्या काय, सारखेच. फरक पडला तो लांब मुदतीचे आणि अनेक वचनांचे करार करणाऱ्यांना: संगणक, टेलिफोन, बांधकाम, विमाने. स्वस्तात टेलिफोनचे यंत्र देऊन दोन वर्षांच्या मासिक बिलात किंमत वसूल करणाऱ्या कंपनीला आता त्या यंत्राचा वाटा पहिल्याच दिवशी अधिक धरावा लागतो.

हिशेबतपासनिसांचे म्हणणे ऐकले तर त्यात समाधान आणि काळजी दोन्ही आहेत. समाधान याचे की धंद्याधंद्यांचे वेगळे कायदे जाऊन एक भाषा आली. एका कंपनीची दुसरीशी, अमेरिकेतलीची युरोपातलीशी तुलना करणे सोपे झाले. करारांची माहिती अहवालाच्या टिपांत पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२४ साली आपल्या नियमाचा आढावा पूर्ण केला, त्यातही नियम एकंदरीत ठरल्याप्रमाणे काम देतो असेच मत निघाले.

काळजी वेगळी आहे. जुना नियम ‘असे करा’ असे सांगे. नवा नियम ‘असा विचार करा’ असे सांगतो. करारातली वचने वेगळी किती, प्रत्येकाची वाजवी किंमत कोणती, अनिश्चित मोबदल्यातला भाग किती धरावा, हे कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपल्या अंदाजाने ठरवायचे असते. त्या अंदाजाला आव्हान तपासनिसाने द्यायचे. देखरेख मंडळाने ऑक्टोबर २०१७ मध्ये, म्हणजे नियम लागू होण्याच्या तोंडावर, तपासनिसांना खास इशारापत्रक काढले: संक्रमणाच्या नोंदी, कंपनीची अंतर्गत नियंत्रणे, लबाडीचा धोका आणि टिपांतील माहिती यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. उत्पन्नाच्या बाबतीत लबाडीचा धोका आहे असे गृहीत धरूनच तपासणीला बसावे, हा तर तपासनिसांच्या दंडकांतला आधीपासूनचा नियम. तो अकारण नाही. अमेरिकेत १९९८ ते २००७ या काळातील हिशेबी लबाडीच्या ३४७ प्रकरणांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत उत्पन्नच चुकीचे दाखवलेले होते.

२०१९ पासून अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या तपासनिसांना आपल्या अहवालात ‘आम्हांला सर्वांत अवघड कोठे गेले’ हेही लिहावे लागते. ‘हिशेब बरोबर आहेत’ एवढ्या एका ओळीवर आता भागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०१९ च्या अहवालात डेलॉइट या पेढीने अशा दोन गोष्टी सांगितल्या. त्यांतली एक उत्पन्नाची होती: कोणती वस्तू वेगळे वचन धरावी, करारातल्या अटींचा अर्थ काय लावावा, वेगळी किंमत कशी ठरवावी, यांत व्यवस्थापनाला मोठा अंदाज वापरावा लागतो, असे तीत म्हटले आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीचा तपासनीस असे मोकळेपणी लिहितो, ही आम्ही चांगली खूण मानतो. ‘सर्व आलबेल’ म्हणणाऱ्या वैद्यापेक्षा दुखणे कोठे आहे ते बोटाने दाखवणारा वैद्य बरा.

काही तपासनीस म्हणतात, पुन्हा बारीकसारीक नियम करा, म्हणजे वाद मिटतील आणि कोर्टात उभे राहिलो तर नियमाकडे बोट दाखवता येईल. ही बाजू अगदीच टाकाऊ नाही. नियम स्पष्ट असला की दुबळ्या तपासनिसालाही आधार मिळतो. पण आम्हांला ती पटत नाही. एन्रॉनच्या काळी नियमांची कमतरता नव्हती. नियमाच्या अक्षराला धरून त्याचा अर्थ बुडवण्याची कला मात्र भरभराटीला आली होती. नव्या नियमाने एन्रॉन टळली असती, असाही आमचा दावा नाही. वायद्याच्या सौद्यांना आजही वेगळे नियम आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की तत्त्वावर आधारलेला नियम चांगला. पण तो तपासनिसाच्या पाठीच्या कण्यावर उभा असतो. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या हाती पाच पायऱ्या दिल्या काय आणि पन्नास दिल्या काय, सारखेच. ‘नाही’ म्हणण्याचे बळ येते ते त्याचे पोट त्याच गिऱ्हाईकाच्या दुसऱ्या कामांवर अवलंबून नसते तेव्हा. म्हणून तपासनिसाला तपासणीचे किती मिळाले आणि इतर कामांचे किती मिळाले, हे दोन आकडे प्रत्येक अहवालात प्रथम वाचावेत.

आपल्या बेटाला हा विचार परका नाही. २००४ च्या वित्तीय अहवाल कायद्याने येथेही हिशेबमानके आणि तपासनीस यांच्यावर देखरेखीची व्यवस्था झाली. तरीही एप्रिल २०१५ मध्ये ब्रॅमर बँकेचा परवाना गेला आणि ब्रिटिश अमेरिकन विमा कंपनीवर प्रशासक बसले, तेव्हा ‘सुपर कॅश बॅक गोल्ड’मध्ये आयुष्याची शिल्लक ठेवणाऱ्या कुटुंबांची काय अवस्था झाली, ते सर्वांनी पाहिले. तेथला प्रश्न उत्पन्नाच्या तारखेचा नव्हता, हे खरे. पण चकचकीत अहवाल आणि घरची पुंजी यांत किती अंतर असू शकते, हे त्या दिवसांनी आपल्याला शिकवले.

म्हणून आमची वाचकांना सूचना अशी. कोणत्याही कंपनीच्या अहवालात उत्पन्न वाढलेले दिसले तर तीन प्रश्न विचारा. वाढ धंद्याची की मोजण्याच्या रीतीची? उत्पन्नाबरोबर रोकडही आली, की नुसती येणी वाढली? आणि तपासनिसाने कोणती गोष्ट अवघड म्हणून नोंदवली आहे? उत्पन्न वर्षानुवर्षे चढते आणि रोकड मात्र येत नाही, तेथे सावध व्हावे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

हाच न्याय आपल्या संस्थांनाही लागू करू या. गणेशोत्सवाची किंवा मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणी कोणी तोंडी कबूल केली, तर खजिनदाराने ती कबूल रकमेच्या रकान्यात लिहावी. हाती येईपर्यंत जमेत धरून मंडपवाल्याला शब्द देऊ नये. सभेपुढे दोन्ही रकाने मांडावेत. जो तरुण आज आपल्या मंडळाच्या चार हजार रुपयांच्या वहीत हा भेद पाळायला शिकेल, तोच उद्या एखाद्या बड्या पेढीत बसून चार अब्जांच्या वहीत तो पाळील. हिशेबतपासणी हा आपल्या मुलांनी पोटासाठी धरलेला चांगला धंदा आहे. त्यात पदवीइतकीच धिटाईही लागते, आणि गिऱ्हाईक गेले तरी चालेल पण खोट्या आकड्याखाली माझी सही पडणार नाही, असे म्हणण्याची सवय त्यांना घरातच लावली पाहिजे.